पांढऱ्याच्या पोटी काळं

पहिल्याच दिवशी शेलारांनी माझा कान मोजला. नेमणुकीचं पत्र हातात धरून मी इन्स्पेक्शन खात्याच्या दारात उभा होतो. सकाळचे आठ वाजलेले, भोंगा नुकताच थांबलेला. खाकी शर्टातला एक उंच, हाडकुळा माणूस समोर आला, त्यानं खिशातून मापाचा व्हर्नियर काढला आणि 'हलू नका' एवढंच म्हणून माझ्या डाव्या कानाला लावला. मग उजव्या. बासष्ट आणि त्रेसष्ट मिलिमीटर भरले. एवढा फरक चालतो, असं त्यानं मला समजावलं आणि वडिलांचे कानही असेच उभे आहेत का, ते विचारलं. मी कधी नीट पाहिले नाहीत म्हणालो. त्यावर त्या माणसाला माझी नाही, माझ्या वडिलांची दया आली.

ते निवृत्ती शेलार. चिंचवडच्या आमच्या गिअरच्या कारखान्यातले सीनियर इन्स्पेक्टर, आणि ताथवड्यातल्या समस्त शेलारांपैकी डुकरं पाळणारे एकटे शेलार. साल सत्तर-एकाहत्तर असेल. मी परभणीहून आलेलो. बी. कॉम. अर्धवट सुटलेलं आणि अंगात गुण एकच, अक्षर वळणदार. तेवढ्यावर मला तपासणीचे अहवाल लिहायला घेतलं होतं. पुढे याच अक्षरात मला डुकरिणीच्या बाळंतपणाचा अहवाल लिहावा लागेल हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी संध्याकाळच्याच गाडीनं परभणी गाठली असती.

"माप सांगा, मत सांगू नका," हे शेलारांचं ठरलेलं वाक्य. सुपरवायझर म्हणाला की जॉब बरा दिसतोय, तर शेलार म्हणत, दिसतोय हे मत झालं. कँटीनच्या आचाऱ्यानं कौतुकानं आमटी कशी झालीय विचारलं, तर हे एक घोट घेऊन सांगत, मीठ पाऊण चमचा कमी. वय पस्तिशीच्या पुढे गेलं तरी लग्न झालेलं नव्हतं. एक मुलगी पाहायला गेले होते म्हणे. कांदेपोहे खाऊन झाल्यावर वडीलधाऱ्यांनी सांगितलं, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा. यांनी मुलीला सोडून तिच्या बापाला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानामागे बघितलं. ते स्थळ तिथेच मोडलं. त्याचं दुःख शेलारांना फारसं नव्हतं, कारण बापाचे कान लोंबते होते.

कानांचं हे वेड डुकरांतून आलेलं. एका शेतकी प्रदर्शनात त्यांनी सरकारी केंद्राचा पांढरा विलायती नर पाहिला. शेजारी लोक तोंडाला रुमाल लावून पुढे सरकत होते आणि हे खिशातला टेप काढून कठड्यावरून आत वाकले होते. "पाच फूट अकरा इंच, राव. शेपटी सोडून!" हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी चढायचा. आपली गावरान काळी डुकरीण त्याच्यापुढे म्हणजे ताटाखालचं मांजर. शेलारांनी त्याच जातीचा एक कोवळा नर मिळवला, कांबळ्यात गुंडाळून ताथवड्याला आणला आणि त्याचं नाव साहेब ठेवलं. भावकीनं पंगतीला बोलावणं बंद केलं. आमच्या घराण्यात डुकराला कुणी काठीनंसुद्धा शिवलं नव्हतं, असं चुलत्यानं सुनावलं. शेलार म्हणाले, मग शिवून बघा, स्वच्छ जनावर हाय.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे. अशाच एका गुरुवारी ते मला सायकलवर डबलसीट घालून डुकरं दाखवायला घेऊन गेले. ताथवड्याच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि घरामागे डुकरांची शेड. ती आमच्या मेसपेक्षा स्वच्छ होती, हे मी शपथेवर सांगतो. चुना मारलेल्या भिंतीवर कारखान्यातल्यासारखं ड्रॉइंग टांगलेलं. आदर्श डुक्कर, बाजूनं आणि पुढून, बाण काढून मापं दिलेली. लांबी एवढी, कान उभे, सड चौदा, 'किमान बारा चालतील'. पसंत पडलेल्या पिल्लाच्या पाठीवर हिरव्या रंगाचा ठिपका, नापसंत पिल्लावर लाल. एक मरतुकडं पिवळ्या ठिपक्याचं होतं. ते काय, म्हणून विचारलं तर म्हणाले, "रिवर्क. दुरुस्त करून पुन्हा तपासायचं."

तिथेच सुमनला पहिल्यांदा पाहिलं. शेलारांची धाकटी बहीण. आईबाप लवकर गेल्यावर शेलारांनीच तिला लहानाची मोठी केलेली. कमरेला पदर खोचून ती डुकरांना कँटीनचं खरकटं घालत होती आणि तिच्या पायाशी दीड-दोन वर्षांची एक पोर खेळत होती. पोरीनं वर पाहिलं आणि मी चमकलोच. सावळा चेहरा आणि त्यात लख्ख घारे डोळे.

परत येताना शेलारांनी सगळं सांगितलं. सुमनला चाकणकडच्या एका कांदेवाल्या घरात दिलेली. घर भरलेलं, नवरा दत्तू कष्टाळू. पोर झाली आणि सहा महिन्यांत डोळ्यांचा रंग ठरला. दत्तूचे डोळे काळेभोर, सुमनचेही काळेभोर. आधी पाणवठ्यावर कुजबूज झाली, मग घरात. मग एके दिवशी दत्तूनं मायलेकींना शेलारांच्या दारात आणून सोडलं आणि पाणीसुद्धा न पिता तो परत गेला. त्याला वर्ष होऊन गेलं होतं. काडीमोड नाही, बोलावणं नाही. शेलार सायकल मारता मारता मागे न बघता बोलत होते. "तिच्यावर डाग लागलाय, राव. आन तो कोणत्या रसायनानं काढायचा ते मला म्हाईत न्हाई," असं म्हणाले.

याच सुमारास काळ्या पिल्लांचं प्रकरण झालं. साहेब आता वयानं आणि वजनानं मोठे झाले होते. त्यांचा एक पांढराशुभ्र मुलगा धाकटे साहेब म्हणून कामाला लागला होता. पमी नावाची तेवढीच पांढरीशुभ्र डुकरीण त्याच्याकडून गाभण राहिली. दोघांचा बाप साहेबच, पण आया वेगवेगळ्या, दोन्ही गावरान काळ्या. पमी व्यायली. नऊ पिल्लं. सहा पांढरी आणि तीन डांबरासारखी काळी.

शेलारांनी क्षणाचाही विचार केला नाही. ओढ्यापलीकडे बबनचा काळा गावठी नर होता. हे थेट बबनच्या दारात. तुझ्या डुकरानं भिंत ओलांडून माझ्या पमीला नासवली, असा आरोप सगळ्या वस्तीसमोर केला. बबन म्हणाला, माझं डुक्कर तीन पायांवर लंगडतंय, ते तुमची भिंत कशानं ओलांडेल? शेलारांनी लंगड्या डुकराची उडी किती असू शकते, याचा हिशेब मांडला. भांडण हातघाईवर आलं. दुसऱ्या दिवशी शेलारांनी रजा टाकून भिंत दोन फूट वाढवली. स्वतःच्या बहिणीवर लोकांनी जो आळ घेतला होता, तोच आपण पमीवर घेतोय, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं होतं. पण वरिष्ठांना सांगणार कोण?

सांगितलं जनावरांच्या डॉक्टरांनी. ते बबनच्या लंगड्या डुकराचा पाय बघायला आले होते आणि दोघा भांडखोरांच्या मधे सापडले. त्यांनी काळी पिल्लं पाहिली, पमी पाहिली, धाकटे साहेब पाहिले आणि ते हसायला लागले. म्हणाले, प्रत्येक जनावराच्या खिशात रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईनं दिलेली, एक बापानं. पांढरी चिठ्ठी आगाऊ, ती वर बसते. काळी तिच्याखाली मुकाट पडून राहते. पमीची आई काळी, म्हणजे पमी दिसायला पांढरी असली तरी खिशात काळी चिठ्ठी आहेच. धाकट्या साहेबांचंही तेच. पिल्लाला दोघांकडून काळीच चिठ्ठी आली की पिल्लू काळं. सरासरी चारांत एक. बबनच्या डुकराला सोडा बिचाऱ्याला.

मी तिथे हजर होतो म्हणून सांगतो, शेलारांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. ते मटकन भिंतीपाशी खाली बसले. मग उठले. मग डॉक्टरांचे दोन्ही दंड धरून विचारते झाले, डोळ्यांचंही असंच असतं का. डॉक्टर जरा सावध झाले. माणसाचं इतकं सरळ नसतं, म्हणाले, पण काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारं मूल होऊ शकतं, यात काही नवल नाही. दोन्ही घराण्यांत कुठेतरी ते दडलेलं असावं लागतं, एवढंच. शेलार धावत घरात गेले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी बबनला मिठी मारली. बबन घाबरून दोन पावलं मागे सरला.

पुढचा महिनाभर आमच्या खात्यात दुसरा विषय नव्हता. शेलारांनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या. कुणाचे डोळे, कुणाच्या हनुवटीची खळी, कुणाचं टक्कल. टक्कल आईकडून येतं असं त्यांनी कुठूनसं ऐकलं आणि सुपरवायझरांच्या आईची चौकशी केली. मेमो मिळाला. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि त्याच्या मागच्या बाजूला पमीचा वंशवृक्ष काढला. स्वतःच्या घराण्यात शोध घेतला तेव्हा एक घारी आत्या निघाली. प्लेगात गेलेली. नव्वदीच्या एका म्हातारीनं तिला पाहिलं होतं. म्हणजे एक चिठ्ठी सापडली. दुसरी चाकणला शोधायची होती.

एका गुरुवारी आम्ही चाकणला गेलो. मी केवळ अहवाल लिहिणारा म्हणून. दत्तूचे वडील आबा ओसरीवर बसले होते. आबांना पंचक्रोशीत ओळखत ते बैलगाड्यांच्या शर्यतींमुळे. कांदा हा त्यांचा धंदा आणि बैल हा धर्म. टेम्पोवर त्यांचा विश्वास नसे. कुठेही जायचं तर बैलगाडीनंच, मग वाटेत मुक्काम पडला तरी चालेल. शेलारांनी पाणी प्यायच्या आधीच चिठ्ठ्यांचा सिद्धांत मांडला. आबांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, आमच्या सात पिढ्यांत घारं कुणी न्हाई. शेलारांनी अदबीनं विचारलं, त्यातल्या किती पिढ्या आपण पाहिल्यात? दोन, आबा म्हणाले. दत्तू खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, तुमची घारी चिठ्ठी असंल, पण आमची काळी तिच्यावर बसायला पायजे हुती. पोरगं सिद्धांत नीट शिकलं होतं, आणि उलटंही शिकलं होतं.

"दिसलं न्हाई म्हणजी नव्हतं, असं न्हाई, दाजी," शेलार म्हणाले. "माझी दोन पांढरी जनावरं हायत. त्यांच्या पोटी काळं निघतं. या आन बघा."

सुनेच्या अब्रूचा निवाडा डुकरांवरून करायचा म्हटल्यावर ओसरीवरचे चार जण उठूनच उभे राहिले. एकानं चप्पल शोधली. पण आबा हलले नाहीत. त्यांनी मिशीवर हात फिरवला. मग म्हणाले की पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या एका पांढऱ्या गाईला पांढऱ्याच वळूपासून तांबडं वासरू झालं होतं. गुराख्याला त्यांनी आसुडानं फोडून काढलं होतं आणि गाय बाजारात विकली होती. अशी गाय पुन्हा मिळाली नाही. एवढं सांगून त्यांनी घसा खाकरला आणि शर्यतीची बोली लावावी तसं जाहीर केलं. एक वेत. माझा माणूस पहाऱ्याला राहील. काळं निघालं तर सून सन्मानानं घरी. नाही निघालं तर पुन्हा या ओसरीची पायरी चढायची नाही.

शेलारांनी मान्य केलं. वाटेत मी त्यांच्या पाठीवर अक्षरशः बुक्के मारले. चारांत एक ही सरासरी आहे, नाहीच निघालं तर? त्यांनी सायकल थांबवली, रिजेक्शनच्या चिठोऱ्यावर गणित केलं. दहा पिल्लं धरली तर एकही काळं न निघण्याची शक्यता शंभरात पाच-सहा. "एवढं रिजेक्शन तर आपल्या गिअरलाच हाय," ते म्हणाले आणि पुन्हा पायडल मारायला लागले.

पमी माजावर आली तेव्हा आबांचा माणूस हजर झाला. दत्तूचे मामा. जाडजूड, तंबाखूची चंची कमरेला, चेहऱ्यावर फौजदाराचा भाव. धाकटे साहेब पमीजवळ आत, आणि तीन दिवस मामा शेडच्या दारात बाजेवर बसून पमीच्या शीलाचं रक्षण करत होते. पहिल्या दिवशी नाकाला उपरणं. दुसऱ्या दिवशी उपरणं खाली आलं. तिसऱ्या दिवशी मामा पमीची पाठ खाजवताना आणि तिला गुळाचा खडा देताना सापडले. नंतर धाकटे साहेब बाहेर काढून शेलारांनी पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना शिशाचं सील लावलं. कंपनीच्या स्टोअरमधून सील दाबायचा चिमटा रीतसर मागून आणलेला होता. पमी गाभण असल्याची खात्री होईपर्यंत ते सील निघालं नाही, खरकटं भिंतीतल्या भोकातून जात होतं. प्रत्येक टप्प्यावर मी अहवाल लिहिला आणि मामांनी सही केली.

डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते. अख्खं खातं दिवस मोजत होतं. आचारी पमीसाठी वेगळं पातेलं ठेवायला लागला. सुपरवायझर, ज्यांनी मेमो दिला होता, ते रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उगाच कागद चाळत आणि हळूच विचारत, कसं आहे तिकडे? फक्त सुमन काही विचारत नव्हती.  आम्हाला ही शर्यत होती. तिचं आयुष्य होतं.

पमीनं गुरुवारच निवडला. दुपारी एकच्या सुमारास कळा सुरू झाल्या. आबांची मंडळी दोन बैलगाड्या भरून सकाळीच आली होती. बबन आला, त्याची वस्ती आली, भावकीतले शेलार आले, ज्यांनी पंगत बंद केली होती ते चुलतेही आले. दत्तू लांब बाभळीखाली उभा होता. मी पॅड घेऊन भिंतीच्या भोकाशी. आत सुमन. तिच्याशिवाय पमी कुणाला जवळ येऊ देत नव्हती. प्रत्येक पिल्लू पोत्यानं पुसून ती भोकाशी वर धरायची आणि मी ओरडून नोंद करायचो.

पहिलं पांढरं. दुसरं पांढरं. तिसरं ओलं असताना काळसर वाटलं, लोक ओरडले, पुसल्यावर तेही पांढरं. चौथं, पाचवं. आबा उकिडवे बसून शर्यतीतल्यासारखे मांडीवर थापा मारत होते. कुणाच्या बाजूनं मारत होते, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. सहावं, सातवं. आता ओरडणं थांबलं. आठव्याची नोंद मी न ओरडताच केली. नववं आलं तेही दुधासारखं. मग पमी थांबली. अर्धा तास काहीच नाही. आबांची मंडळी चहाला बाभळीखाली गेली.

तेवढ्यात बबन मागच्या बाजूनं आला. हातात टोपली, वर ओलं फडकं. त्याची डुकरीण आदल्या दिवशी व्यायली होती. फडकं बाजूला केलं तर आत इवलंसं काळंकुट्ट पिल्लू. बबन कुजबुजला, "शेलार, ठेवा आत. कुणाला कळतंय?" मी खोटं कशाला बोलू, टोपली घ्यायला माझाच हात पुढे गेला होता. शेडचं मागचं दार उघडंच होतं. दारात सुमन उभी होती, कोपरापर्यंत हात भरलेले. तिनंही टोपलीत पाहिलं.

शेलारांनी पिल्लू उचलून हातात घेतलं.  पिल्लाचा कान त्यांनी अंगठ्यानं सरळ केला, आणि त्याला पुन्हा टोपलीत ठेवून वर फडकं घातलं.

"हे पमीचं न्हाई," ते म्हणाले.

दहावं पिल्लू आलं. पांढरं. मग वार पडली आणि सगळं संपलं. शेलारांनी मला लिहायला सांगितलं: एकूण पिल्लं दहा, पांढरी दहा, काळी शून्य. खाली त्यांनी सही केली आणि कागद स्वतः नेऊन आबांच्या हातात दिला. आबांना वाचता येत नव्हतं, मामांनी वाचून दाखवला. दत्तू हसला नाही, पण त्यानं बैल जुंपायला घेतले. मामा मात्र आबांच्या कानाशी लागून काही सांगत राहिले. चहा सोडून ते पमीला गुळाचा खडा द्यायला मागे गेले होते आणि त्यांनी टोपली पाहिली होती, आणि पिल्लू परत ठेवणारे शेलारही. आबांनी बबनला बोलावलं, फडकं वर करून पिल्लू पाहिलं, पुन्हा झाकलं. मग ते गाडीत बसले. हीच पमी पुढच्या वेताला त्याच नरापासून चार काळी व्यायली. ती बघायला तेव्हा कुत्रंसुद्धा आलं नव्हतं.

तो आठवडा वाईट गेला. शेलार कामावर येत, मापाचं गेज उचलत, ठेवत.  आचाऱ्यानं एकदा मुद्दाम आमटी अळणी करून समोर ठेवली. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी त्यांच्याकडे होतो, सोबतीला म्हणून. तर दारात बैलगाडी. आबा, मामा आणि दत्तू. आबा उतरले आणि अंगणातच उभे राहून बोलले.

"शर्यत तू हरलास, निवृत्ती. पर खोटं दारात चालत आलं हुतं आन तू घेतलं न्हाईस. जिथं डुकराचं खोटं चालत न्हाई, त्या घरची पोर..."  त्यांनी दत्तूला पुढे ढकललं. दत्तू जमिनीकडे बघून म्हणाला, माझं चुकलं.

"ते घरी गेल्यावर बोलू," सुमन उंबऱ्यातून म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. पण ती जागची हलली नाही. पोर कडेवर घेऊन तशीच उभी. शेलारांना वाटलं ती अजून रागात आहे. ते घाईघाईनं चारांत एक आणि शंभरात सहा असं काहीतरी समजवायला लागले. तिनं त्यांना हातानं थांबवलं.

"डुकरं सोड. तू तुझं सांग."

 आबा, मामा, मी, सगळे बघत होतो. शेलारांनी टोपी काढली.

"तू आलीस त्या दिवशी मी तुला मागल्या दारी न्हेऊन इचारलं हुतं," ते म्हणाले. "देवाची शपथ घालून. खरं सांग म्हणून. दाजींनी न्हाई एवढं टोचून मी इचारलं. सुमे, मला तवा पोरीचे डोळेच दिसले. तू दिसली न्हाईस."

हे मला ठाऊक नव्हतं. दाजींची खात्री पटावी म्हणून या माणसानं जिवाचा एवढा आटापिटा केला, असंच मी इतके दिवस धरून चाललो होतो. एका दुपारी बहिणीला विचारलेला प्रश्न त्याला परत घ्यायचा होता, आणि तो कसा घ्यावा हे त्याला ठाऊक नव्हतं. मला इतकं भरून आलं, की मी उगाच सायकलच्या घंटीशी खेळत राहिलो.

"त्यांनी इचारलं ते मी सोसलं," सुमन म्हणाली. "तुझं सोसंना."

"व्हय," शेलार म्हणाले. "चुकलो."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा एका हातात गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातात पोर. आबांनी पोरीला उचलून गाडीत पुढ्यात बसवलं आणि तिच्या हातात कासरा दिला. पोरीला बैल पसंत पडले.

गाडी निघाली. शेलार पोरीचा लोंबता पाय हातात धरून शेजारून चालायला लागले. वाटलं, वेशीपर्यंत जातील. वेस गेली, ओढा आला, तरी पाय सोडेनात. बैलांच्या चालीनं ते जवळजवळ धावत होते. मागून मी सायकल हातात धरून. गेल्या भाऊबिजेला सुमन त्यांच्याच घरात होती आणि तिनं ओवाळलं नव्हतं, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. सणाच्या दिवशी बहीण घरात असून त्यांनी एकट्यानं डुकरांना खरकटं घातलं होतं.

ओढ्यापलीकडे चढ लागला तशी सुमन गाडीतून वाकली. भावाच्या हातावर तिनं हात ठेवला आणि पोरीच्या पायावरची त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"सोड आता, दादा," ती म्हणाली. "भाऊबिजेला येईन की मी."